अज्ञात कामगाराची मिशी

कंपनीच्या इतिहासाच्या फलकाचा मजकूर माझ्याकडे आला तो फक्त तांत्रिक माहिती तपासण्यापुरता. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. आमच्या चॉकलेट वेफर बारमधला ओलावा मोजणे हे माझे काम. तिसऱ्या परिच्छेदात लिहिले होते : 'सुरुवातीला वेफर आठवड्याभरात मऊ पडत असे. मोडलेले बार दळून मधल्या थरात भरण्याची युक्ती एका अज्ञात कामगाराने सुचवली आणि इतिहास घडला.' शेजारी चित्र : टोपीवाला, मिशीवाला पुरुष, हातात चिठ्ठी.

युक्ती खरी आहे. आधीच्या सारणात दूध असे आणि त्यातले पाणी वेफर शोषून घेई. दळलेल्या बारमध्ये पाणी जवळजवळ नसतेच. खोटी होती ती मिशी. युक्ती माझ्या मावशीची. पॅकिंगच्या पट्ट्यापाशी ती एकतीस वर्षे उभी होती. मोडके बार पिंपे भरभरून फेकले जात, ते तिला बघवेना. तिने थोडे घरी नेऊन कुटले, दोन वेफरमध्ये भरले, महिनाभर डब्यात ठेवून पाहिले आणि मगच सूचनापेटीत चिठ्ठी टाकली. चिठ्ठीवर नावाऐवजी बिल्ल्याचा नंबर लिहायची पद्धत होती. तिचा दोनशे चौदा.

तीच चिठ्ठी आता फलकाखाली काचेत ठेवणार होते, नंबरासकट. मी जुन्या हजेरीपटाचे पान शोधून प्रसिद्धी अधिकाऱ्यासमोर ठेवले.

"वा, मॅडम!" तो म्हणाला. "पण 'अज्ञात'मध्ये मजा आहे. लोकांना गूढ आवडतं."

"ती तीन गल्ल्या पलीकडे राहते. त्यात गूढ काय?"

"छपाईला चाललंय हो. फार तर 'एका महिला कामगाराने' करू."

"आणि मिशी?"

तो हसला. मी सही न करता कागद परत दिला. दुसऱ्या दिवशी माझ्या सहायकाने सही केली.

मावशीला सांगितले तेव्हा ती भाजी निवडत होती.

"अज्ञात?" तिने सुरी खाली ठेवली. "एक मिनिट उशीर झाला की मुकादम भर पट्ट्यावर माझा नंबर पुकारायचा. तेव्हा बरी ज्ञात होते मी! आणि मिशी कशी आहे?"

"झुपकेदार."

"तुझ्या काकांना जन्मात धड मिशी आली नाही, आणि मला लावली मेल्यांनी!"

उद्घाटनाला ती ठेवणीतले कपडे घालून आली. संचालक म्हणाले, "त्या अज्ञात हातांना आमचा सलाम." टाळ्या पडायच्या आत मावशी उठली.

"साहेब, अज्ञात म्हणजे कुणालाच ठाऊक नसलेला ना? मग गेल्या मंगळवारी माझ्या भाचीने तुमच्या ऑफिसात कुणाचं नाव सांगितलं?"

अधिकारी लगबगीने आला. "आजी, आपण नंतर बोलू."

"नंतर म्हणजे कधी? चव्वेचाळीस वर्षं झाली. तुमच्या नंतरला पुरेल एवढं वय नाही उरलं माझं."

ती फलकासमोर गेली आणि मागे न बघता हात पसरला. "पेन दे गं."

माझ्या कोटाच्या खिशात दोन होती. एक साधे. दुसऱ्याने आम्ही काचेच्या नळ्यांवर नंबर घालतो; त्याची शाई स्पिरिटनेही निघत नाही. ते दिले.

तिने 'अज्ञात'वर आडवी रेघ ओढली आणि वर आपले नाव लिहू लागली, एकेक अक्षर सुटे, सावकाश. अधिकारी "अहो, अहो" करत पुढे झाला. मी त्याच्या वाटेत उभी राहिले.

"थांबा," मी म्हणाले. "आडनाव राहिलंय अजून."