भोंगा बंद करायचं पान

इमारतींतला धोक्याचा भोंगा चालवणारं सॉफ्टवेअर विकणारी एक कंपनी होती. तिथे ताई मदतीची वेबसाइट सांभाळायची. पानं लिहून झाली होती, पण ती मेनूत कुठे लावायची यावरून साहेबांशी तिचं बिनसलं. भोंगा बंद करायचं पान ताईला मेनूत सगळ्यात वर हवं होतं; साहेबांनी ते 'आमची वाटचाल'च्या आत, 'इतर'मध्ये कोंबलं. "भोंगा आम्हीच बनवला ना? मग ती आमची वाटचालच की!" गोंधळलेल्या गिऱ्हाइकांचे फोन मात्र ताईला यायचे. हा मेनू लागला तर उरलेला जन्म शिव्या खाण्यात जाणार होता.

"असं करा," साहेब म्हणाले, "यातलं ओ की ठो न कळणारं एक माणूस आणा. पण तुमची बाजू घेणारं नको हं! त्याला ज्या मेनूत पान सापडेल, तो लावू."

असं माणूस ताईच्या घरातच होतं. सासूबाई! ताईनं चहाचा डबा शेगडीजवळ ठेवायचा, सासूबाईंनी तो भलतीकडे हलवायचा आणि ताईनं घर डोक्यावर घ्यायचं, हे लग्नापासून रोजचं.

सासूबाई ऑफिसात आल्या आणि परीक्षा खरी वाटावी म्हणून साहेबांनी भोंगा सुरूच केला. कानाचे पडदे फाटायची वेळ! साहेबांच्या मेनूत सासूबाईंनी साहेबांचं बालपण वाचलं, बक्षीस समारंभाचे फोटो पाहिले, पान काही मिळेना. मग ताईचा मेनू उघडला. सासूबाईंनी सगळ्यात वर बोट ठेवलं, पानात सांगितलेलं बटण दाबलं आणि भोंगा गप्प झाला. साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं, पण शब्द पाळला बिचाऱ्यांनी.

जिना उतरताना ताईला भरून आलं. "आई, खरंच इतकं सोपं होतं?"

"सोपं कसलं डोंबलाचं! मी कुठे ठेवणार नाही ते आठवलं आणि तिथे बघितलं. म्हटलं, सूनबाईंनी तिथेच ठेवलं असणार."

ताईला असं हसू फुटलं की कठडा धरावा लागला.

संध्याकाळी चहाचा डबा पुन्हा गायब. ताईनं आज आरडाओरडा केला नाही. आपण सात जन्मांत कुठे ठेवणार नाही? तिनं पाहुण्यांच्या उशांचं कपाट उघडलं. डबा तिथेच होता.

दोघींचा चहा टाकून झाल्यावर तिनं तो परत उशांमध्ये नेऊन ठेवला.