बस थांबावी म्हणून

ज्या बाईनं सुनेच्या हातातलं काम आजवर आपल्या हातात घेतलं नव्हतं, ती हल्ली रोज सकाळी आपणहून म्हणू लागली, "तू निवांत आंघोळ कर गं, मी बोकोबाला कोवळं ऊन दाखवून आणते." आभाळ गच्च भरलेलं असलं तरी सासूबाई ऊन दाखवायला निघायच्याच. तिथंच सुनेच्या मनात पाल चुकचुकली.

बोकोबाची, म्हणजे तिच्या तान्ह्या लेकाची, छाती नाजूक. धूळधुरापासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि पोरगं घरी यायचं ते पापण्यांवर धूळ घेऊन. एकदा तिनं त्याचं टोपडं हुंगलं, तर डिझेलचा वास. सासूबाईंना विचारलं, तर हवाच बिघडलीय म्हणाल्या. नवऱ्याच्या कानावर घातलं, तर आई काय त्याला विकायला नेते का, म्हणून तो हसत सुटला. ती मात्र हसली नाही. कुणा झाडपाल्यावाल्याकडे नेऊन काहीबाही चाटवत असतील तर?

एके दिवशी तिनं न्हाणीघरात नळ सोडला, दार ओढून घेतलं आणि मागच्या दारानं निघाली.

सासूबाई मोठ्या रस्त्यावरच्या बसथांब्याशी जाऊन उभ्या राहिल्या. कडेवर बाळ, हातात फुगवलेली पिशवी. थांब्यावर दुसरं चिटपाखरू नव्हतं. सून पंक्चरवाल्याच्या बंद टपरीपासून जरा मागे थबकली. वळणावर बस दिसताच सासूबाईंनी बाळाला उंच धरून हात केला. बस कचकन थांबली.

माझ्या लेकराला घेऊन ही बाई चाललीय कुठं? ती धावत सुटली, तर टपरीमागून कॉलेजच्या पोरी दप्तरं सावरत तिच्याही पुढे पळाल्या आणि भराभर बसमध्ये चढल्या. सासूबाई खालीच. पाकीट घरी राहिलं म्हणाल्या, तशी कंडक्टरनं कपाळाला आठ्या घालून बेल मारली. धुरळ्यात सासू-सून समोरासमोर.

मग सगळं बाहेर आलं. सकाळची ही एकच गाडी, पुढची थेट दुपारी. नुसत्या पासवाल्या पोरी दिसल्या की ड्रायव्हर गाडी दामटतो. कडेवर मूल असलेली बाई दिसली तरच ब्रेक लावतो. शेजारच्या शिंप्याची थोरली त्या पोरींतच होती. हजेरी भरली नाही तर तिला परीक्षेला बसू देणार नव्हते, आणि बापानं तिच्यासाठी शिलाई मशीन पुसूनच ठेवलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर दिलं असतंस पोराला?"

"नसतं दिलं. आणि उद्यापासून देणारही नाही."

दुसऱ्या दिवशी सासूबाई घरातच राहिल्या. खिडकीतून सुनेला पोरी जाताना दिसल्या. बाकीच्यांनी आशेनं घराकडे पाहिलं. शिंप्याच्या लेकीनं मानही वर केली नाही. सून आत गेली, उशी चादरीत गुंडाळली, वर बोकोबाचं टोपडं चढवलं आणि म्हणाली, "आई, याला सांभाळा. दार लावून बसा."

बस थांबली. पोरी चढू लागल्या. कंडक्टर मात्र खाली उतरला.

"बाळ फारच शहाणं दिसतंय. हूं नाही की चूं नाही."

"झोपलंय. हळू बोला."

त्यानं चादरीचं टोक उचललं. उशीच्या अभ्र्यावरची फुलं त्यानं पाहिली. शिंप्याची लेक अजून पायरीवरच होती. सुनेनं गाठोडं घट्ट धरलं.

"काय आहे रे?" ड्रायव्हर खेकसला.

कंडक्टरनं चादर सारखी केली. "झोपलंय," म्हणाला, आणि चढून बेल मारली.

पोरी गेल्या. ती मात्र घरी पोचेपर्यंत एकाच विचारात होती: हा माणूस आज पोरींसाठी गप्प बसला, की उद्या डेपोच्या साहेबाला घेऊनच येणार आहे?