मावशींनी तपासलेला शब्द

डिंकाची बाटली, झाकण हरवलेली.
तेवीस पायऱ्या, आठवी करकरणारी.
‘एल’ अक्षराच्या चिठ्ठ्यांवर कपाचा गोल डाग.
खाली शिवणयंत्र. वर आम्ही.

आम्ही म्हणजे नाना आणि मी. चिनी बोलणाऱ्यांसाठी सोप्या इंग्रजीतला कोश करत होतो. नाना संपादक. मी मुद्रितं तपासणारी; त्या दिवशी पहिल्यांदाच एक शब्द लिहायला मिळाला होता. लूसिड. म्हणजे वाचताच अर्थ कळेल असं. नोंद मंजूर झाली तर मी साहाय्यक संपादक, नाहीतर परत स्वल्पविराम शोधत बसायचं.

कचेरीचा नियम एकच: नोंद आधी मावशींना वाचून दाखवायची. मावशी म्हणजे तळमजल्यावरच्या शिंपीणबाई. घरी चिनी बोलायच्या, इंग्रजी कामापुरतं. त्यांना कळलं तर छापायचं.

मी चार ओळी वाचल्या. इंग्रजीतलं सगळं जडजवाहीर त्यांत घातलं होतं. मावशींनी मान हलवली. मी धावत वर.

“कळलं त्यांना!”

“काय म्हणाल्या?”

“मान हलवली.”

“अगं, माझी बायको तीस वर्षं मान हलवतेय. चल खाली.”

खाली नानांनी विचारलं, “मावशी, काय कळलं, सांगा बघू.”

मावशी ओशाळल्या. “पोर एवढी शिकलेली. तिच्या तोंडावर नाही कसं म्हणू?”

गेलं साहाय्यकपद.

मी कागद दुमडला. टेबलावर कापड पसरलेलं होतं, त्यावर खडूच्या रेघा.

“मावशी, या रेघा बघून दुसरं कुणी कापेल?”

“कापेल की. मी इथे नसले तरी.”

“तुम्हाला न विचारता?”

“विचारायचंय काय त्यात?”

“लिहिणं असं असलं, की ते लूसिड.”

या वेळी मावशींनी मान हलवली नाही. म्हणाल्या, “माझ्या मुलाची पत्रं लूसिड नसतात. दोनदा वाचते, तरी तो बरा आहे की नाही, कळत नाही.”

नानांनी माझा कागद मागून घेतला, चारही ओळी खोडल्या आणि मावशींचं वाक्य जसंच्या तसं खाली उतरवलं.

“उदाहरण झालं. अर्थ तू लिही, रेघांसारखा. आणि उद्यापासून तू साहाय्यक संपादक, ‘एम’ अक्षर तुझ्याकडे.”

वर जाताना मी करकरणाऱ्या आठव्या पायरीवर मुद्दाम दोनदा पाय दिला.