दादाला आत कसं घातलं

बाबांचा गुडघा गेला आणि कळप कोणी सांभाळायचा यावरून घरात धुसफूस सुरू झाली. दादाला त्यातला रुबाब हवा होता. मला मेंढ्या हव्या होत्या, अगदी मनापासून. शेवटी बाबांनी सांगून टाकलं, लोकर कातरायच्या दिवशी जो मेंढ्यांना न बुजवता शेडमध्ये घालेल, कळप त्याचा.

दादा मोठा, म्हणून पहिली पाळी त्याची. तो शेडच्या दारातच पाय रोवून उभा राहिला आणि हात पसरून "या, या!" असा बोंबलायला लागला. मेंढी माणसापासून लांब पळते, आणि हा ऐन दारातच धोंड्यासारखा उभा! मेंढ्या कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून थरथरत राहिल्या. बाबा बाहेर खुर्चीत बसून बघत होते. आत लोकर कातरणारा माणूस मशीन घेऊन ताटकळला होता.

"अक्कलच नाही यांना," दादा म्हणाला.

"दादा, जरा बाजूला हो ना."

"तू मला शिकवू नकोस!"

हाताला धरून ओढलं असतं, तर तो हटूनच बसला असता. रेटलं की मेंढीसुद्धा उलटी फिरते. म्हणून मी आवाज उतरवला आणि त्याच्या खांद्याच्या रोखाने एक पाऊल टाकलं. कोणी अगदी जवळ येऊन बोललं की दादा मागे सरतो. तो सरला. मी थांबले, त्याला जरा दम खाऊ दिला. "तुझंच बरोबर आहे," म्हणत पुन्हा एक पाऊल. मेंढ्यांच्या मूर्खपणावर भाषण ठोकत तो उलट्या पावली शेडमध्ये गेला आणि कडेच्या रिकाम्या खणात शिरला. खणाच्या फाटकाला मी अलगद कडी लावली.

मग बाहेर येऊन लांबून वळसा घातला आणि मेंढ्यांच्या मागे, जरा अंतर ठेवून, गप्प उभी राहिले. काळ्या तोंडाच्या म्हाताऱ्या मेंढीने मोकळं दार पाहिलं आणि चालू लागली. बाकीच्या मुकाट तिच्या मागे. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण ओठ आवळून धरले.

"बघितलंत बाबा?" फाटकावरून मान काढून दादा म्हणाला. "घातल्या की नाही आत!"

बाबा लंगडत दारापर्यंत आले. मेंढ्या निवांत उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"कळप हिचा," ते म्हणाले.

"मग सुरुवात कोणापासून करू?" कातरणाऱ्याने विचारलं.

बाबांनी खणाच्या फाटकाकडे बोट दाखवलं. "ज्याला कडी लावलीय त्याच्यापासून."