मेमरीतला कोपरा

"काका, मेन स्विच बंद करतो हं. मीटर बदलायचाय," म्हणत मीटरवाल्याने हात वर नेला.

"हात लावू नका!" सर ओरडले. सारी हयात टायपिंगचा क्लास चालवण्यात गेली, पण इतका चढा आवाज त्यांच्या विद्यार्थ्यांनीही कधी ऐकला नव्हता.

पन्नाशीचा मीटरवाला दचकला. "अहो, रोजचंच काम आहे माझं. शॉक नाही बसत."

"तुमचं नाही हो. आत कॉम्प्युटर चालू आहे."

"मग बंद करा की."

बंद करा की! सांगायला काय जातं? आठवडाभर सरांनी त्या मशीनवर डोळ्यांत तेल घालून पहारा दिला होता. भाजी आणायला गेले तरी जीव टांगणीला. लेकीने राहायला बोलावलं, तर "गुडघा दुखतोय" म्हणून सांगितलं. गुडघा ठणठणीत होता.

मशीन जुनं, घरगुती. टाइपरायटरचे दिवस भरत आले तेव्हा हौसेने घेतलेलं. हौस सरांची, पण ते वापरलं बायकोने. ती त्यावर चित्रं काढायची. चित्रांचा तो प्रोग्राम मोठा गमतीचा होता. माउसची प्रत्येक हालचाल तो लक्षात ठेवायचा आणि सांगितलं की तेच चित्र रेघेरेघेने, काढणाऱ्याच्याच गतीने, पुन्हा काढून दाखवायचा. ती गेल्या वर्षी गेली. मागच्या आठवड्यात कपाट आवरताना तिची एक फ्लॉपी सापडली, बुरशी धरलेली.

मशीन म्हातारं, घटकेत अडकायचं. म्हणून सरांनी जुनी युक्ती केली. मेमरीतला एक कोपरा राखून ठेवायचा, मशीनला बजावायचं, ही डिस्कच समज, आणि फ्लॉपीवरचं चित्र त्यात उतरवून घ्यायचं. मशीन अडकलं, बटणं दाबून नव्याने सुरू केलं, तरी कोपऱ्यातलं शाबूत राहतं. वीज गेली की मात्र खेळ खलास.

पण सर पडले चिक्कू. कोपरा बेताचाच राखला. चित्र निम्मं आलं आणि जागा संपली. कोपरा वाढवून फ्लॉपी पुन्हा वाचायला लावली, तेव्हा चित्र पुरतं आलं, पण करकर करत फ्लॉपीवर गोल ओरखडा उमटला. ती कामातून गेली. मशीनच्या पोटात कायमचं साठवायची सोय नव्हती, आणि घरातल्या कोऱ्या फ्लॉपीही बुरशीने खाल्लेल्या. आता बायकोचा हात तेवढ्या कोपऱ्यात उरला होता.

"आज नाही बदलला तर लाइन कापतील," मीटरवाला म्हणाला. "माझ्या हातात काही नाही, काका. पण एवढं आहे तरी काय त्यात?"

सरांनी त्याला आत नेलं आणि चित्र सुरू केलं. पडद्यावर एक रेघ आपोआप सरकू लागली. खुर्ची झाली. खुर्चीत घोरणारा माणूस होऊ लागला.

"कोण काढतंय हे?"

"आमची ही."

मीटरवाल्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "कुठे आहेत काकू?"

"गेली ती. गेल्या वर्षी."

मग त्याने खिशातून फोन काढला. "पहिल्यापासून लावा. व्हिडिओ घेतो."

सरांचा फोन बटणांचा. त्यांना हे सुचलंच नव्हतं. चित्र पुरं होईपर्यंत मीटरवाल्याचा हात अवघडला, पण त्याने फोन हलू दिला नाही.

"नाक जरा जास्तच मोठं झालंय."

"आहेच तसं," सर म्हणाले.

व्हिडिओ लेकीच्या नंबरवर गेला. "आता करू बंद?" मीटरवाल्याने विचारलं. सरांना म्हणायचं होतं, अजून एकदा बघू द्या. ते म्हणाले, "करा."

वीज परत आली तेव्हा मशीन कोऱ्या चेहऱ्याने फ्लॉपी मागत होतं. मीटरवाला निरोप घेऊन गेला. आता सर कुठेही जायला मोकळे होते. त्यांनी चपला घातल्या, आणि जायचं कुठे ते न सुचून तशाच काढून ठेवल्या. घर खायला उठलं होतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, आई मध्येच थांबलीय. अर्धं नाक काढून. व्हिडिओ अडकलाय का?"

"नाही गं. तू पाळण्यात रडायला लागलीस. उठून गेली ती तुझ्याकडे. मला मागाहून सांगितलं होतं तिने."

"मग?"

"मग काय, आली परत. नाक पुरं केलं."

सांगण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं. पण फोन दोघांनीही ठेवला नाही.