माझ्या नळीतले तीन लाडू

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला काठी म्हणायचं नाही! मी मासे पकडायची फ्लाय रॉड आहे. वय वर्षं एकतीस. माझ्या टोकाचं वार्निश उडालंय, मुठीच्या बुचाला खड्डे पडलेत. पण वाकवून बघा, अजून मोडत नाही.

एका छोट्या कारखान्यात माझे चार तुकडे घडले. ते एकात एक बसवले की मी नऊ फूट होते. राहायला मला ॲल्युमिनियमची नळी मिळाली. वेल्समधल्या कार्डिफ शहरातल्या एका दुकानातून मला डॉक्टर पुरुषोत्तम यांनी घरी आणलं. नागपूरहून इथल्या हॉस्पिटलात आलेले हाडांचे डॉक्टर, आणि पक्के शाकाहारी! रविवारी टॅफ नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून ते पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद टेकवायचे. मासा लागला की ओल्या हाताने गळ काढायचे, "जा बाबा," म्हणायचे आणि सोडून द्यायचे. काठावरचे म्हातारे चिडवायचे, "डॉक्टर, मग आज जेवायला काय?" ते ऐटीत सांगायचे, "वरण-भात!"

काय दिवस होते ते! मग त्यांचा हात थरथरू लागला आणि मी लॉफ्टमध्ये, ख्रिसमस ट्रीच्या खोक्यामागे जाऊन पडले. सात वर्षं!

मला बाहेर काढलं ते त्यांच्या नातीने, पंधरा वर्षांच्या इरावतीने. "आजोबा, मला शिकवा ना!" झालं, रोज शाळा सुटली की पार्क. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून ती मला फिरवायची. लोकर झाडात अडकली, स्वतःच्या वेणीत अडकली, एकदा तर शेजारच्या कुत्र्याच्या पट्ट्यात. पण पोरगी हटली नाही. आजोबांच्या डोळ्यांदेखत पहिला मासा पकडायचाच, असं तिने ठरवलं होतं.

ती संधी आली आजोबांच्या पंचाहत्तरीला. सगळं घर कॅनडातल्या एका रानातल्या नदीवर गेलं. तिथे अस्वलं बघायची आणि मासेही पकडायचे. नीना नावाच्या गाइडने पहिल्याच सकाळी बजावलं, "काठावर खायचं काहीही आणायचं नाही. अस्वल दिसलं की मासेमारी बंद, गळाला मासा असला तरी दोरा कापायचा. माणसापाशी आयतं खाणं मिळतं हे अस्वलाला एकदा कळलं, की ते पुन्हा पुन्हा येतं. मग शेवटी गोळी त्यालाच घालावी लागते."

आजोबांनी जोरात मान हलवली. मला मात्र धडकी भरली. कारण माझ्या नळीच्या तळाशी तीन बेसनाचे लाडू होते! आजोबांना डायबिटीस, त्यात इरावतीच्या आईची करडी नजर, म्हणून डॉक्टरसाहेबांनी ते तिथे लपवले होते. घरून निघाल्यापासून मी तुपात आणि वेलदोड्यात घमघमत होते. सांगणार कशी? मला तोंड नाही ना!

तीन दिवस एकही मासा लागला नाही. चौथा, शेवटचा दिवस. दुपारी मला असा हिसका बसला की मी कमानीसारखी वाकले. दोऱ्याचं रीळ किंचाळलं. सॅमन मासा! "दोरा सैल सोडू नकोस!" काठाला लावलेल्या बोटीजवळून आजोबा ओरडले.

आणि वळणावरच्या झुडपातून अस्वल बाहेर आलं.

त्याने माशाकडे पाहिलंच नाही. नाक वर करून ते सरळ इरावतीच्या बाजूच्या दगडाकडे निघालं. दगडावर माझी नळी होती. आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. "इरा! नळीत लाडू आहेत गं!"

एकीकडे मासा, एकीकडे नळी. दोन्ही जमणार नव्हतं. इरावतीने एकदाच माझ्याकडे पाहिलं, ओठ आवळले आणि कचकन दोरा कापला. मी सरळ झाले. नळी काखेत मारून, न धावता, एकेक पाऊल मागे टाकत ती बोटीपर्यंत आली. नीना तिच्यापुढे उभी राहिली. अस्वलाने दगड हुंगला, चाटला आणि कंटाळून ते उथळ पाण्यात मेलेला सॅमन शोधायला निघून गेलं.

नीनाने आजोबांना चांगलंच झापलं, आणि आईने त्याहून जास्त. आजोबा खाली मान घालून म्हणाले, "तुझा मासा माझ्यामुळे गेला गं."

"मासा नदीत आहे, अस्वल रानात आहे," इरावती म्हणाली, "आणि लाडू जप्त! लॉजवर गेल्यावर मीच खाणार, तिन्ही. मासे काय, टॅफमध्येही आहेत. पण आजोबा, तुम्ही काठावर यायचं. सुट्टी नाही!"

मित्रांनो, आता माझी नळी साबणाने धुतली जाते. तुम्हीही कधी रानात गेलात तर लाडू घरीच ठेवा. तुमच्या एका घासाची किंमत एखाद्या मुक्या जिवाला मोजावी लागते. आणि तुमच्या लॉफ्टमध्ये माझ्यासारखं कुणी पडलं असेल, तर त्याला खाली आणा. आम्ही म्हातारे झालो तरी वाकतो, मोडत नाही.

अजून इरावतीला पहिला मासा मिळालेला नाही. अकरा शनिवार झाले. पण दर शनिवारी सकाळी आजोबा घडीची खुर्ची घेऊन तिच्याआधी दारात उभे असतात.

उद्या बारावा शनिवार.