चार बोटांनी बुटका झालेला पहारेकरी

मित्रांनो, तुमच्यापैकी निम्म्या जणांनी मला कधी ना कधी लाथ मारली आहे, तेव्हा माझी ओळख करून द्यायची तशी गरज नाही. तरी सांगतो. किल्ल्यासारख्या बांधलेल्या रिसॉर्टच्या वॉटर पार्कात, काळा बोगदा म्हणतात त्या बंदिस्त घसरगुंडीच्या जिन्यापाशी, लाल कोटातला आणि झुपकेदार मिशांचा जो लाकडी पहारेकरी एक हात आडवा धरून उभा असतो, तो मी. गेली चौदा वर्षे मी तिथे उभा आहे. ज्याचे डोके माझ्या हाताला टेकते त्याने वर जायचे, ज्याचे टेकत नाही त्याने मागे फिरायचे. एवढ्या एका कामापायी मी कोणालाच आवडत नाही. खरे सांगायचे तर तुम्हीही मला फारसे आवडत नाही.

मला एका अबोल सुताराने घडवले. जाड फळी निवडली, तासली, घासून गुळगुळीत केली. मिशा त्याच्या बायकोने रंगवल्या, आणि जरा जास्तच रंगवल्या. पण हात बसवताना सुताराने जमिनीपासून तीन वेळा मोजले. एकशे वीस सेंटिमीटर, ना कमी ना जास्त. माझे काळे बूट फरशीला बोल्टने आवळताना तो तिथल्या लोकांना म्हणाला, "हा दिसायला गमतीचा आहे, पण ह्याचा हात गमतीचा नाही." कारण त्याला ठाऊक होते की बोगदा ज्या हौदात संपतो त्याचे पाणी एकशे वीसच्या मुलाच्या हनुवटीपर्यंत येते. त्याहून चार बोटे कमी असलेल्याच्या ते नाकातोंडात जाते.

मग सुरू झाली माझी नोकरी. समोर लाटांचे तळे होते. भोंगा वाजला की सगळे किंचाळत तिकडे धावायचे. रबरी टायरवर पडून तरंगायची संथ नदी होती. दर दहा मिनिटांनी डोक्यावर उपडी होणारी अजस्र बादली होती. बादलीखाली उभे राहून लोक फोटो काढायचे. अहो, बादलीबरोबर! माझ्याबरोबर फोटो काढला तोही एकदाच, माझ्या नाकपुडीत बोट घालून. माझ्या हाताखाली किती जणांनी चघळलेले च्युइंगम चिकटवले ते मोजायचे मी सोडून दिले आहे.

मुले परवडली, पण आईबाप नकोत. ते मुलांना टाचा उचलायला लावायचे. कोणी जाड तळव्यांच्या चपला घालून आणायचे. एका काकांनी तर मला बोट दाखवून बजावले, "मी कोण आहे माहीत आहे का तुला?" मी लाकूड आहे हे त्यांच्या लक्षातच आले नाही.

कौतुक झाले ते एकदाच. तपासणीला आलेल्या एका माणसाने मला टेप लावली आणि तो म्हणाला, "बरोबर." त्या एका शब्दावर मी दोन वर्षे काढली.

माझ्याशेजारी उंच स्टुलावर शिट्टीवाल्या बाई बसायच्या. आमचेही सख्य नव्हते. त्या डबा खायला जाताना ओला टॉवेल माझ्याच हातावर टाकून जायच्या. पण काम चोख. या बाईंचे सगळ्यात मोठे भांडण होते ते एका शिंपी आजोबांशी.

आजोबा दर रविवारी नातीला घेऊन यायचे. तिला सगळे टिचकी म्हणायचे. तिचा पोहायचा पोशाखही त्यांनीच शिवलेला होता. टिचकीला काळ्या बोगद्याशिवाय दुसरे काही दिसत नसे, आणि आजोबांना टिचकीशिवाय. तिचे डोके माझ्या हातापर्यंत पोचायचे नाही, म्हणून आजोबा तिच्या डोक्यावर ताठ अंबाडा बांधून आणायचे. बाई तो तळहाताने दाबून सपाट करायच्या.

"केस मोजायचे नसतात, आजोबा."

"तुमच्या बापाचा आहे का बोगदा?"

"नाही. म्हणूनच सोडत नाही."

जाताना टिचकी मला एक लाथ घालायची. आजोबा कौतुकाने बघायचे.

मग एकदा पार्क आठ दिवस बंद ठेवला. लोक घसरून पडत होते, म्हणून जुन्या फरशीवरच सिमेंट ओतून खरखरीत लाद्या बसवल्या. मला कोण हलवणार? माझ्याभोवतीनेच काम उरकले आणि माझे बूट जमिनीत गडप झाले. मॅनेजर साहेब म्हणाले, "झकास दिसतोय. जमिनीतून उगवल्यासारखा." जमीन चार बोटे वर आली होती, मी जागचा हललो नव्हतो. म्हणजे मी चार बोटांनी बुटका झालो होतो आणि ते एकाच्याही डोक्यात आले नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझा हात खोटे बोलणार होता, आणि ते सांगायला मला तोंड नव्हते. मिशांखाली ते रंगवायचे राहूनच गेले होते.

पार्क उघडला त्या शनिवारी, कालपरवापर्यंत परत पाठवलेली पोरे ऐटीत वर गेली. त्यातली दोन हौदातून खोकत, डोळे पांढरे करत बाहेर आली. एकाला तर बाईंनीच उडी मारून काढले. त्या ओल्या कपड्यांनिशी मॅनेजरकडे गेल्या.

"साहेब, काहीतरी चुकतंय. लहान पोरं सुटतायत."

"मुलं वाढतात, बाई."

"आठ दिवसांत?"

"तुम्ही शिट्टी वाजवा. मापाचं आम्ही बघतो."

दुसऱ्या दिवशी रविवार. टिचकी माझ्यासमोर उभी राहिली. बाईंनी अंबाडा सपाट केला, तरी डोके माझ्या हाताला टेकले. आजोबा रांगेकडे वळून असे हसले की जणू पोरगी परीक्षेत पहिली आली. बाईंनी जिन्यात पाय आडवा घातला.

मग जे भांडण पेटले ते विचारू नका. आजोबा ओरडत होते, मागची रांग बाईंना शिव्या देत होती. "खाली उतरा", "नोकरी सोडा", "आमचा दिवस फुकट घालवला". मॅनेजर धावत आले.

"डोकं टेकलं ना? पाय काढा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

बाईंनी पाय काढला. पण काढता काढता आजोबांना विचारले, "हिचे कपडे तुम्हीच शिवता ना? मग सांगा, पंधरा दिवसांत फ्रॉक किती उसवावा लागला?"

आजोबांचा हात सवयीने खिशात गेला. त्यांनी टेप काढली, माझ्यापुढे गुडघे टेकले आणि माझ्या हातापासून फरशीपर्यंत माप घेतले. पुन्हा घेतले.

"एकशे तेरा," ते म्हणाले.

"टेप जुनी असेल, ताणली असेल," मॅनेजर म्हणाले. "जा ग बाळ, तू जा वर."

आता तिला अडवणारे कोणी नव्हते. जिना मोकळा होता. टिचकीने पहिल्या पायरीवर पाय ठेवलाही होता. आजोबांनी तिचे मनगट धरले.

"आजोबा, माझं डोकं टेकलं. तुम्ही बघितलंत."

"टेकलं. पण ह्याचा हात खाली आलाय. तू नाही वाढलीस."

"तुम्ही नाही म्हणताय? तुम्ही?"

"हो. मीच."

तिने मला लाथ मारली नाही. आजोबांना मारली. मग म्हणाली, "मला तुमच्याबरोबर कधीच यायचं नाही." बाई काही बोलायला पुढे झाल्या, तर आजोबा त्यांच्यावरच खेकसले, "तुम्ही गप्प बसा." त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. टिचकी तरातरा पुढे गेली आणि तिच्या चपला हातात घेऊन ते मागून गेले.

आकडा रांगेने ऐकला होता. आया आपापली पोरे मागे ओढू लागल्या, तेव्हा मॅनेजरचा नाइलाज झाला. दुसऱ्या दिवशी मला उपसून नव्या फरशीवर मापात बसवले. आभार कोणी मानले नाहीत, ना माझे ना बाईंचे.

मित्रांनो, नवी फरशी घालाल तेव्हा उभ्या असलेल्यांना पुन्हा एकदा मोजा, एवढी काळजी घ्या. आणि मला खुशाल लाथा मारा. मी लाकूड आहे, चौदा वर्षे नावडता आहे, मला त्याचा सराव आहे. त्या म्हाताऱ्याला नव्हता.

टिचकी पुढचे दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली, ती आईबरोबर. ज्याने तुमचे मनगट धरले, त्याला असे घरी ठेवून येऊ नका.